अनुमोदक तात्या

आमच्या तालुका कार्यकारिणीच्या बैठकीत कोण काय बोललं हे कुणी विसरेल, पण प्रत्येक ठरावानंतर दाराजवळून येणारा तो एक शब्द विसरणं शक्य नाही. "अनुमोदन." आवाज बसका, पण शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट. आणि मागोमाग नाव, गाव: "धोंडिभाऊ, लोणी." जसं काही आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. मग खांद्यावरची घोंगडी सारखी करून ते खाली बसायचे आणि अध्यक्ष "मंजूर" म्हणायचे.

मंचरला खताच्या दुकानावर आमच्या पक्षाचं कार्यालय होतं. पक्षाचं नाव मी सांगत नाही. जे आमच्यात होते ते ओळखतील, आणि बाकीच्यांनी आपापल्या पक्षाचं नाव घालून वाचलं तरी फारसं बिघडणार नाही. मला महिला आघाडीची म्हणून कार्यकारिणीत घेतलं होतं. महिलांचं म्हणणं काय, हे विचारायची वेळ कधी आली नाही. माझं अक्षर बरं आहे हे मात्र पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून इतिवृत्त लिहायचं आणि ठराव वाचून दाखवायचे, हे काम माझ्या गळ्यात पडलं. ठराव मांडणारा तो सूचक, आणि उभं राहून त्याला जाहीर पाठिंबा देणारा तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव पुढेच सरकत नाही. सूचक व्हायला आमच्याकडे रांग असायची, कारण सूचकाचं नाव पेपरात येतं. अनुमोदकाचं येत नाही. त्यामुळे ती जागा वर्षानुवर्षं तात्यांकडे राहिली आणि त्यांचं नावच अनुमोदक तात्या पडलं.

नवीन पोरं त्यांची टिंगल करायची. म्हणायची, तात्यांच्या पुढ्यात लग्नाची पत्रिका वाचली तरी अनुमोदन देतील. त्या पोरांना एक गोष्ट माहीत नव्हती. बैठकीच्या आधी तात्या तासभर लवकर यायचे, खालच्या टपरीवर मला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "वाच ताई." मग मी सगळे ठराव त्यांना वाचून दाखवायची. कळलं नाही तिथे ते मला थांबवायचे. जो ठराव पटला नाही, त्याच्या वेळेला ते बरोबर उठून तंबाखू थुंकायला बाहेर जायचे आणि दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन दिलं की आत यायचे. एकदा आमच्या एका इच्छुक नेत्यानं स्वतःच्याच अभिनंदनाचा ठराव स्वतःच्या भाच्याकरवी मांडला. तात्या त्या दिवशी इतका वेळ थुंकत होते, की शेवटी अध्यक्षांनी माणूस पाठवला. हा त्यांचा विरोध. याहून मोठ्या आवाजात विरोध करायची त्यांना सवय नव्हती आणि आम्हाला ऐकायची नव्हती.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "तात्या, तुम्हाला कधी सूचक व्हावंसं नाही वाटलं?"

तात्या मेंढपाळाच्या घरातले. वडिलांपर्यंत सगळे कळप घेऊन फिरलेले. तात्यांनी लोणीला विहीर पाडून शेती केली, पण दारात पाच-सहा मेंढरं शेवटपर्यंत ठेवली. त्यांचं उत्तर तिथूनच आलं. "ताई, पयलं मेंढरू कुठंबी घुसतं. त्याला खूळ असतं. पर त्याच्यामागं दुसरं गेलं ना, की मंग आख्खा कळप जातो. मंग कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई. आमचा म्हातारा कायम दुसऱ्यावर नजर ठिवायचा. पयल्याला कुणीबी हाकलतं. दुसरं लई जोखमीचं."

जावयानं त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल आणून दिला तेव्हाही हेच शहाणपण त्यांनी तिकडे नेलं. आमच्या भागात बिबटे काही कमी नाहीत, पण मोबाइलवर ते दुपटीनं वाढतात. एकच बिबट्या सकाळी आळ्यात, दुपारी पेठेत आणि दिवेलागणीला लोणीत दिसतो, आणि प्रत्येक गावातला माणूस शपथेवर सांगतो की आमच्याच मळ्यातला आहे. असा व्हिडिओ आला की तात्या पाठवणाऱ्याला फोन लावायचे. "पावणं, तुमी सवता बघितला का?" समोरचा म्हणायचा, नाही, मला आला म्हणून पाठवला. "मंग तुमी अनुमोदन कशावर दिलं?" एवढं विचारून ते फोन ठेवायचे. त्यांनी स्वतः कुणाला कधी काही पुढे पाठवलं नाही. फॉरवर्ड करणं म्हणजे उभं राहून हात वर करणं, आणि तेही मसुदा न वाचता, असं त्यांचं मत होतं. लोकांनी हळूहळू त्यांना व्हिडिओ पाठवायचं बंद केलं.

त्या काळात आम्ही विरोधात होतो. सरकार समाजमाध्यमांसाठी काही नियम आणणार अशी कुणकुण होती, आणि आमच्या पक्षाची तेव्हा सगळी भिस्त त्याच माध्यमांवर. सभेला माणसं मिळत नव्हती; मोबाइलवर मिळायची. वरून सगळ्या तालुक्यांना मसुदा आला: नागरिकांच्या बोलण्या-लिहिण्यावर कोणतंही सरकारी नियंत्रण आमच्या पक्षाला मान्य नाही, असा ठराव करून पाठवा. टपरीवर मी तो तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"मंजी खरं काय न् खोटं काय, त्ये सरकार ठरवनार?"

"तसंच काहीसं."

"मंग न्हाई जमायचं," तात्या म्हणाले. "आमी मेंढरं घिऊन फिरायचो तवा गावात काय बी चोरीला गेलं की पयला आमच्या तळावर झडती. सरकारी कागदात फिरस्ता मंजी चोर. खरं त्यांचं, खोटं आमचं. बोलायला तोंड व्हतं म्हनून वाचलो आमी."

त्या दिवशी त्यांनी अनुमोदन दिलं ते नेहमीसारखं नाही. नाव-गाव सांगून ते बसले नाहीत. घोंगडी खांद्यावरून काढून हातात घेतली आणि म्हणाले, "लोकास्नी बोलू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांसाठी टाळ्या वाजलेल्या मी तेवढ्याच ऐकल्या. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात, एसटीच्या थांब्यावर, मासवडीच्या पंगतीत ते पक्षाची ही भूमिका समजावून सांगताना दिसायचे. पक्षाच्या भूमिकेवर इतका जीव टाकणारा माणूस आमच्यात दुसरा नव्हता. आम्हा बाकीच्यांना ती भूमिका म्हणजे वरून आलेला कागद होती. त्यांना ती स्वतःची वाटत होती.

आता गनीभाईंबद्दल सांगायला हवं. गनीभाई जुन्नरच्या बाजारपेठेत गाद्या-उशा भरायचे. त्यांचे वडील तात्यांच्या वडिलांकडून लोकर घ्यायचे, तेव्हापासूनचा घरोबा. लोकरीला आता कुणी विचारत नाही. तरी मेंढरं कातरली की तात्या एक पोतं खांद्यावर टाकून जुन्नरला जायचे आणि गनीभाई ते ठेवून घ्यायचे. मी एकदा सोबत होते. गनीभाई मला म्हणाले, "ताई, ह्या लोकरीचं मी काय करू ते मलाच माहीत नाही. पण नाही म्हटलं तर हा माणूस परत कशाला येईल?" तात्या पोत्यावर बसून चहा पीत होते आणि हसत होते. दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. एक कापूस भरायचा, दुसरा बघत बसायचा, आणि दुपार निघून जायची.

लग्नसराईच्या तोंडावर एक संदेश फिरायला लागला. गनीभाईंच्या दुकानाचा फोटो, आणि खाली मजकूर: इथल्या गाद्यांत दवाखान्यातला वापरलेला कापूस भरतात, आपल्या लेकराबाळांना वाचवा, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. कुणी सुरू केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या पक्षाच्या तालुका ग्रुपवर तो आला, तेव्हा युवक आघाडीच्या एका पदाधिकाऱ्यानं खाली हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. मुलीच्या लग्नात गादी द्यायची तर ती जुन्नरहून गनीभाईंकडचीच, असा आमच्याकडे शिरस्ता. त्या वर्षी एकेकानं सांगितलेली गादी रद्द केली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. "खरं असंल-नसंल, पण विषाची परीक्षा कशाला," एवढंच सगळे म्हणाले.

तात्यांनी नातीकडून मोबाइल समजून घेतला आणि ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं, "मी धोंडिभाऊ, लोणी. ह्ये खोटं हाय. मी त्या दुकानात लहानपनापासून बसतो." त्यावर दोघा-तिघांनी हसण्याची चित्रं टाकली, एकानं त्यांना तुमचं कमिशन किती असं विचारलं. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर अध्यक्षांनी ग्रुप बंद केला. म्हणजे वाचता सगळ्यांना येणार, लिहिणार फक्त अध्यक्ष आणि त्यांचे दोन सहायक. सरकारनं लोकांच्या तोंडाला कुलूप लावू नये असा ठराव करणाऱ्या पक्षानं आपल्या ग्रुपला कुलूप लावलं, आणि तो खोटा संदेश कुलपाच्या आत तसाच राहिला.

तात्या कार्यालयात आले तेव्हा मी इतिवृत्ताची नक्कल करत होते. त्यांनी अध्यक्षांना म्हटलं, त्यो संदेश काढा आणि खाली लिहा की खोटा व्हता. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. फोन वाजला की सगळ्यात आधी तो वरून आलाय का, एवढंच बघतात. ते म्हणाले, "तात्या, आपल्या पक्षाची भूमिका काय? कुणी काय लिहावं हे आपण ठरवायचं नाही. अनुमोदन तुमचंच आहे."

"सरकारनं लोकांचं तोंड दाबू नये असं म्हनलो व्हतो, अध्यक्ष," तात्या म्हणाले. "आपलं तोंड खराब झालं तर धुऊ नये असं कुठं म्हनलो?"

अध्यक्ष म्हणाले, पाहू. राजकारणात पाहू या शब्दाचा अर्थ ज्याला कळत नाही त्यानं घरी बसावं. तात्यांना तो चांगला कळत होता. जिना उतरताना ते मला म्हणाले, "मंग आपन आपलं बोलू."

त्यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आळ्याच्या आठवडे बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीच्या टोकाला त्यांनी ताडपत्री अंथरली आणि स्वतःच्या घरची गादी तिच्यावर टाकली. गनीभाईंनी भरलेली, वर्षभर वापरलेली. गनीभाईंना हे पसंत नव्हतं. गप्प बसलं की लोक विसरतात, असं त्यांनी सांगून पाहिलं होतं. "लोक इसरत न्हाईत, गनीभाई. फकस्त बोलायचं थांबत्यात," हे तात्यांचं उत्तर. मेंढरं कातरायची कातर त्यांनी सोबत आणली होती. गर्दी जमली तसे ते मोठ्यानं बोलायला लागले. या गादीत काय हाय ते आता समद्यांसमोर काढतो, म्हणाले, आणि गादी टराटरा फाडली. आत हात घालून कापूस उपसला. "हात घाला. वास घ्या. ह्यो काय दवाखान्याचा कापूस हाय?" मी गादीचं एक टोक धरलं होतं. आळ्याच्या एका म्हाताऱ्या बाईनं कोपरापर्यंत हात आत घातला, कापूस नाकाशी नेला आणि म्हणाली, "चांगला हाय की. माझ्या लेकीच्या गादीत बी आसलाच हाय." लोक हसले. माना डोलल्या. चौफेर मोबाइल वर झाले.

आणि तात्या, ज्यांनी कधी कुणाला काही पुढे पाठवलं नव्हतं, ते हात वर करून म्हणाले, "काढा, व्हिडिव काढा. फारवर्ड करा समद्यास्नी."

परत येताना ते फार खुशीत होते. आळेफाट्यावर त्यांनी मला भजी खाऊ घातली. मला वाटलं, झालं काम. इतकी वर्षं राजकारणात काढून मला तसं वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

चारेक दिवसांत व्हिडिओ आला. तात्यांचं बोलणं काढून टाकलं होतं, त्याजागी भीती घालणारं संगीत. तात्या गादी फाडतात, हात आत घालतात, मूठभर कापूस वर धरतात, त्यातले सरकीचे काळपट कण अगदी जवळून दाखवलेले. म्हातारी बाई गायब. वर मोठ्या अक्षरात: ज्येष्ठ कार्यकर्त्यानं भर बाजारात फोडलं बिंग. पहिला संदेश ज्यांनी मनावर घेतला नव्हता त्यांनीही हा घेतला. बिबट्याच्या व्हिडिओवर फोन करून खरंखोटं विचारणारा माणूस स्वतः उभा राहून सांगतोय, म्हणजे शंकेला जागाच नाही. लोक तर बाजारात तात्यांना भेटून शाबासकी द्यायला लागले. "बरं केलं तात्या, उघडं पाडलं त्यांना." तात्या ज्याला त्याला समजावून सांगत होते. पण एक माणूस पायी चालत किती जणांना गाठणार?

त्या आठवड्यात ते पेठ गावी माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. ओट्यावर बसून त्यांनी मला तो व्हिडिओ पुन्हापुन्हा लावायला लावला. मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "दुसरं मेंढरू मीच निघालो, ताई." मी पोलिसात जाऊ म्हटलं. गेलोही. तिथल्या साहेबानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हिडिओत तुम्हीच आहात ना? गादी तुम्हीच फाडली ना?" दोन्हीची उत्तरं हो होती.

गनीभाईंनी पावसाळ्याआधी दुकान बंद केलं आणि मुलीकडे नाशिकला निघून गेले. सामान टेम्पोत चढवायला तात्या गेले होते. टेम्पो निघायच्या वेळी गनीभाईंनी त्यांना एक उशी दिली, तात्यांच्याच मेंढरांच्या लोकरीनं भरलेली. म्हणाले, "तात्या, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." तात्या हे मला सांगायचे तेव्हा दर वेळी इथेच थांबायचे. मग म्हणायचे, "शिवी घातली असती तर बरं झालं असतं राव."

पुढच्या निवडणुकीनंतर आमचा पक्ष सत्तेत आला. गुलाल उधळला, कार्यालयाला रंग दिला, जिन्याला नवा कठडा बसला. आणि काही महिन्यांनी वरून मसुदा आला. समाजमाध्यमांवरच्या अपप्रचारानं कळस गाठला असून, त्याला आळा घालण्यासाठी सरकारनं कठोर कायदा करावा, अशी आमच्या पक्षाची ठाम भूमिका आहे. भूमिका ठाम आहे, हे मागच्या वेळीही लिहिलेलं होतं. आमच्या एका मंत्र्याची कुणीतरी नक्कल करून टाकली होती आणि ती फार चालली होती, हे त्यामागचं खरं दुखणं.

त्या दिवशी तात्या पुष्कळ दिवसांनी लवकर आले. मधल्या काळात त्यांनी बैठका चुकवल्या नव्हत्या, पण चहाला यायचे थांबले होते. टपरीवर बसून मला म्हणाले, "वाच ताई." मी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं.

"मंजी गनीभाईसारखं कुणाचं झालं तर कायदा व्हनार?"

मी पुढचा परिच्छेद वाचला. शासन, मंत्री, लोकप्रतिनिधी आणि शासकीय योजना यांच्याविषयी खोटा मजकूर पसरवणाऱ्यांवर कारवाई. त्यांनी तो मला पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "गादीवाला कुठंय ह्यात?"

"नाही, तात्या."

"भाजीवाला? फिरस्ता?"

"कुणीच नाही."

बैठक सुरू झाली. अध्यक्षांनी ठराव मांडला, मी वाचला, आणि सवयीनं सगळ्या माना दाराकडे वळल्या. तात्या बसून होते. मी वाट पाहत होते की आता ते तंबाखू थुंकायला उठतील. ते उठले नाहीत. अध्यक्ष हसत म्हणाले, "तात्या, ह्या वेळेला तर तुमच्या मनासारखा ठराव आहे. तुम्हीच तर मागणी केली होती."

तेव्हा तात्या उभे राहिले. "अध्यक्ष, मागल्या टायमाला म्हनला, लोकास्नी बोलू द्या. मी हो म्हनलो. लोक बोलले, आन् माझा मानूस गाव सोडून गेला. आता म्हनता, बोलू दिऊ नका. पर त्यातबी माझा मानूस न्हाई. दोनी टायमाला कागदात फकस्त तुमीच हाय." मग म्हणाले, "अनुमोदन न्हाई. धोंडिभाऊ, लोणी."

खालच्या दुकानात खताची गोणी टाकल्याचा आवाज वर आला. मग युवक आघाडीचा तोच पदाधिकारी, हात जोडणारा, उठला आणि त्यानं अनुमोदन दिलं. तात्यांनी घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेले. मी इतिवृत्तात "बहुमताने मंजूर" लिहिलं. वर पाठवलेल्या प्रतीत ते "सर्वानुमते" झालं.

ते पुन्हा बैठकीला आले नाहीत. निरोप जात राहिले. मी मधूनमधून लोणीला चक्कर टाकायची. शेवटची गेले तेव्हा ते अंगणात खाटेवर पडले होते, डोक्याखाली ती लोकरीची उशी. मेंढरं समोर बांधलेली. प्रकृती बरी नव्हती, पण बोलायला उत्सुक होते. राजकारणाचं काही विचारलं नाही. एकच विचारलं. "ताई, दिलेलं अनुमोदन माघारी घेता येतं का?"

नियम मला पाठ आहेत. मी म्हटलं, "ठराव रद्द करता येतो, तात्या. अनुमोदन मागं घ्यायचा नियम काही नाही."

"ठरावाचं न्हाई म्हनत मी," ते म्हणाले. "त्यो व्हिडिव अजून फिरतोय म्हनं. त्यात माझं तोंड हाय." मग मेंढरांकडे वळून म्हणाले, "जाऊ दे. तू चहा घे."

थंडीत ते गेले. मला वाईट कशाचं वाटतं ते सरळच सांगते. त्या माणसानं जन्मभर आमच्या कागदांना स्वतःचं नाव आणि गाव दिलं, आणि त्याच्या एका शब्दासाठी आमच्या पक्षातला कुणी कधी जागचा उठला नाही.

अध्यक्षांनी ग्रुपवर श्रद्धांजली टाकली, आणि सगळ्यांना भावना व्यक्त करता याव्यात म्हणून ग्रुप दिवसभरासाठी उघडला. गनीभाईंच्या वेळी बंद केल्यापासून पहिल्यांदाच. खाली फुलं, दिवे, हात जोडलेली चित्रं यांचा खच पडला. वर तात्यांचा फोटो होता. त्यांचा स्पष्ट फोटो पक्षाकडे दुसरा कुठला नसावा, कारण कार्यालयातल्या सगळ्या फोटोंत ते दाराजवळ, कुणाच्या तरी पाठीमागे आहेत. म्हणून कुणीतरी तो व्हिडिओतून काढला होता. हातात कातर, समोर फाटलेली गादी, मुठीत कापूस. कडेनं झेंडूचा हार काढलेला.

दुपारी नाशिकहून गनीभाईंचा फोन आला. बातमी त्यांनाही तोच फोटो पाहून कळली होती. ते म्हणाले, "ताई, दुसरा फोटो नव्हता का हो मिळत?"

मी म्हटलं, नव्हता.

"माझ्याकडे आहे," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्यांनी पाठवला. दुकानातला. तात्या लोकरीच्या पोत्यावर बसलेत, बशी ओठाला लावलेली, आणि कशावर तरी इतके हसताहेत की चहा सांडायच्या बेतात आहे. मागे गनीभाईंचा हात तेवढा दिसतो, त्यात कापूस.

आजवर मी दुसऱ्यांचे ठराव वाचले. स्वतः काही मांडलं नव्हतं. त्या दुपारी तो फोटो मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "तात्यांनी आळ्याच्या बाजारात फाडलेली गादी चांगली होती. कापूस स्वच्छ होता. मी गादीचं टोक धरून उभी होते. जुन्नरच्या गनीभाईंविषयी आपल्या ग्रुपवर आलेलं सगळं खोटं होतं." आणि शेवटी, त्यांच्या सवयीनं, माझं नाव आणि गाव.

मोबाइल मांडीवर ठेवून मी ओट्यावर बसून राहिले. माझं लिहिणं पुष्कळांनी वाचलं, ते कळतं आता मोबाइलवर. खाली फुलं येत राहिली, दिवे येत राहिले, सगळे वरच्या फोटोसाठी. मला फार काही नको होतं. कुणीतरी एकानं उठून हो म्हणायला हवं होतं.

दिवे लागायच्या सुमारास अध्यक्षांनी सर्वांचे आभार मानले आणि ग्रुप बंद केला.